दोनशे पावलं पुढचे देवाजीभाऊ

देवाजीभाऊ आमच्या फाटकावरून गेले की मी गॅसवर चहाचं आधण ठेवते. साखर, पत्ती, आलं, उकळी, दूध, पुन्हा उकळी. चहा गाळायला घेते तेव्हा त्यांच्या पत्नी यमुनाबाई फाटकावरून जातात. दोघं एकाच घरातून, एकाच वेळी, एकाच बाजाराला निघालेले असतात.

वाटेत कोणी विचारलं, "काऊन भाऊ, एकटेच?" तर देवाजीभाऊ मान न वळवता सांगतात, "नाई ना, येऊन राह्यली मागून." मागून खरंच कोणी येतं आहे का, हे बघायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

ते वनरक्षक होते. सगळी नोकरी पायी झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे सावली गावात आमच्या शेजारी घर बांधलं. माणूस उंच, वाळका. आधी पाय तयार झाले आणि उरलेल्या सामानात बाकीचा देह भागवला, असा. जंगलात पुढे हे आणि मागे एका ओळीत मजूर. काही हाललं की यांनी मूठ वर करायची आणि ओळीनं जागीच थांबायचं. नोकरी सुटली, मूठ सुटली नाही. एकदा भर चौकात त्यांनी मूठ वर केली. मागून येणारी मी थांबले, माझ्या मागचा मोटारसायकलवाला थांबला, त्याच्या मागे कोंबड्यांचा टेम्पो थांबला. नालीतून एक मुंगूस निघालं, सावकाश रस्ता ओलांडून गेलं. मूठ खाली आली आणि सावलीची वाहतूक सुरू झाली.

यमुनाबाई बुटक्या, गोल, आणि जिभेनं नवऱ्यापेक्षा वेगवान. "लग्नात गाठ बांधली होती ना बाई, म्हणून फेरे तेवढे संगं झाले. गाठ सुटली अन् हे सुटले!" लग्नाकार्यात देवाजीभाऊ पहिल्या पंगतीला जेवतात, यमुनाबाई दुसऱ्या. त्यांची मुलगी नागभीडला दिली आहे. बाबा दारात दिसले की ती आईसाठी पाणी गरम करायला ठेवते. आई पोचेपर्यंत बरोबर कढत होतं.

मी एकदा देवाजीभाऊंना कारण विचारलं. ते म्हणाले, "जंगलात पुढच्यानं रस्ता पाहाचा असते, बाई. साप, काटा, जनावर. मागच्यानं फक्त चालत याचं."

"अन् वाघ?" आतून यमुनाबाई. "वाघ मागूनच येते ना? जंगलखात्याच्या माणसाले आता मी शिकवू?"

"तुले पाहून वाघच थांबन."

"थांबन ना! तुमच्यापेक्षा शहाणा असन त थांबन!"

हे वर्षानुवर्षं असंच हसतखेळत चाललं असतं. पण मागच्या पावसाळ्यानंतर एका बाजाराच्या दिवशी यमुनाबाईंच्या चपलेचा पट्टा बस स्टँडजवळ तुटला. त्यांनी तीनदा हाक मारली. देवाजीभाऊ पुढे. ते घरी पोचले, पाय धुतले, खुर्चीत बसले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "चहा टाक." मग वाट पाहिली. मग जरा जोरात म्हणाले, "साखर कमी!" तासाभरानं यमुनाबाई चप्पल शिवून, भाजीची पिशवी उचलून आल्या तेव्हा हे त्यांनाच विचारत होते, "काऊन, चहा नाई झाला का अजून?"

यमुनाबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आजपासून तुमच्यासंगं कुठी येणार नाई."

पुढच्या बाजाराला देवाजीभाऊ गेले. मी आधण ठेवलं, चहा गाळला, प्यायले, कप विसळून पालथा घातला. यमुनाबाई आल्या नाहीत. त्यांनी बाजाराची वेळ बदलली होती. देवळाची वेळही बदलली. तीन आठवड्यांनी धाकट्या नातीचं बारसं होतं, तर मुलीला फोन करून सांगितलं, "मी आदल्या दिवशी येतो, एकटीच. तुझे बाबा त्यांचे येतीन."

त्या संध्याकाळी देवाजीभाऊ आमच्याकडे आले. उभेच राहिले.

"बाई, तुमी वह्या ठेवता, याद्या करता. माह्यं काही करा. बारशाले जाताना लोक विचारतीन, बाई कुठी आहे. मी काय सांगू?"

नेहमीचं उत्तर आता चालणार नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी वही काढली आणि पान आखलं. सवय मोडायची तर टप्पे पाडायला हवेत, हे माझं जुनं मत आहे.

पहिला टप्पा, काठोकाठ भरलेला गडवा, म्हणजे तांब्या. तो हातात धरून चौकापर्यंत जायचं, पाणी सांडायचं नाही. देवाजीभाऊ पहिल्या दिवशी रिकामा गडवा आणि ओला पायजमा घेऊन परतले. पण चौथ्या दिवशी निम्मं पाणी टिकलं.

दुसरा टप्पा बकरीचा. यमुनाबाईंची बकरी रस्त्यातल्या प्रत्येक झुडपापाशी थांबते आणि पुढे जायचं की नाही ते स्वतः ठरवते. म्हणूनच मी ती निवडली. नियम एकच: दोरी ताणली जाता कामा नये. आठवडाभर अख्ख्या सावलीनं ही वरात पाहिली. पानठेल्यावरून रोज आवाज यायचा, "देवाजीभाऊ, बकरी फिरवून राह्यले का बकरी तुमाले?" देवाजीभाऊ दातओठ खाऊन म्हणायचे, "ट्रेनिंग चालू आहे."

यमुनाबाई ओसरीवरून सगळं बघत होत्या. "माह्या बकरीचे पाय मोडान," एवढंच बोलल्या. पण त्या दिवसापासून बकरीला निघायच्या आधी पाणी पाजून ठेवायला लागल्या. मी ते वहीत टिपून ठेवलं.

तिसरा टप्पा मी स्वतः. ते पुढे गेले की मी जागीच उभी राहायची आणि त्यांनी परत माझ्यापर्यंत मागे यायचं. पहिल्या दिवशी मी एकाच विजेच्या खांबाजवळ चार वेळा उभी राहिले. शेवटी तिथल्या घरातल्या बाईंनी मला बसायला पाट आणून दिला. पण हळूहळू देवाजीभाऊंच्या पायांत काहीतरी फरक पडला. चालता चालता ते डावीकडे बघू लागले. आधी माझ्या चपलांकडे, मग माझ्याकडे.

बारशाच्या आदल्या दिवशी यमुनाबाई पिशवी घेऊन निघाल्या. देवाजीभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे.

"संगं चालतो."

"बस स्टँडपर्यंत पाहीन. एक पाऊल पुढी गेले की मी वापस."

मी फाटकाशी उभी राहून बघत होते. देवाजीभाऊ परेडमध्ये असल्यासारखे चालले होते, हात अंगाला चिकटवून. मधे खांब आला; हे एका बाजूनं, त्या दुसऱ्या बाजूनं गेल्या, आणि पलीकडे देवाजीभाऊ थांबून राहिले. चौकात त्यांची मूठ वर जायला लागली होती. त्यांनी ती तशीच खाली आणली आणि पिशवीचा एक बंद धरला. वळणावर दोघं एकदमच दिसेनासे झाले.

बारसं आटोपून ते परत आले तेव्हा देवाजीभाऊ पेढे द्यायला आले. मी वही उघडून बसले होते. शेवटच्या टप्प्यापुढे खूण करायची होती.

"जमलं ना, भाऊ?"

त्यांनी पेढे टेबलावर ठेवले.

"बाई, ते रस्त्यानं बोलते."

"कोण?"

"यमुना. घरी असली की कामाचं बोलते, नाईतर मले टोमणे मारते. रस्त्यानं येगळंच बोलते. या घरची सून बोलकी आहे म्हणे. त्या आंब्याखाली ते एकदा पडली होती म्हणे, घरी सांगितलंच नाई. लहानपणी तिचा बाप तिले खांद्यावर घेऊन बोडीच्या पाण्यात मासे पकडाले न्याचा, ते सांगत होती. बस स्टँड आलं, गोष्ट अर्धीच राह्यली."

"मग?"

"मी विचारलं, तू रस्त्यानं पह्यलेपासून बोलते का? त म्हणे, हो. तुमालेच त सांगत राहो मागून."

ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. तो आमचा रोजचाच रस्ता, खड्ड्यांचा, कोंबड्यांचा.

"चौतीस वर्षं, बाई. किती गोष्टी पडल्या असतीन."

मी वही मिटली. इतक्यात बाहेरून यमुनाबाईंनी हाक मारली, "चलता का? बाजार उठन!" आणि देवाजीभाऊ पहिल्याच हाकेला उठले.

मी फाटकापर्यंत गेले. बाजार आमच्याकडून डावीकडे, पाच मिनिटांवर. ती दोघं उजवीकडे वळली, तलावाच्या पाळीवरून, लांबच्या वाटेनं. यमुनाबाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या आणि देवाजीभाऊ एवढे वाकून चालले होते की त्यांची उंची अर्धी झाली होती.