गजभिये वकिलांचे तीन प्रश्न

गजभिये वकिलांसमोर ‘कधीच’ म्हणायची सोय नाही. एकदा त्यांच्याकडचा बिनसाखरेचा चहा पिऊन मी म्हणालो, वकीलसाहेब, तुमच्याकडे परत कधीच चहा घेणार नाही. त्यांनी लगेच खिशातलं पेन काढलं. "किती महिने? किती मैलांच्या आत? आणि फक्त चहा, की कॉफीपण?"

मी चौथी शिकलेला शिंपी. चाळीस वर्षं वर्ध्यात मशीन चालवलं, आता टेक्सासात, फ्रिस्कोत मुलाकडे असतो. गजभिये शेजारचे, मूळ नागपूरचे, एकटे राहतात. मला मास्तर म्हणतात. त्यांची शिडी उसनी आणली तरी चिठ्ठी मिळते: दोन दिवस, शेजारच्या घरापलीकडे नाही, फक्त पानं काढायला.

काम त्यांचं असं. कंपन्या नोकराकडून लिहून घेतात की, सोडून गेलास तर आमच्याविरुद्ध आमचाच धंदा करायचा नाही. तो कागद गजभिये लिहितात. मालक सांगतो, जन्मभर बंदी घाला, अख्ख्या अमेरिकेत. गजभिये त्याला समोर बसवून जन्मभराचं एक वर्ष करतात आणि अमेरिकेच्या दोन काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे. जास्त मागितलं तर टेक्सासचा जज ऐकत नाही म्हणतात. वर विचारतात, "बदल्यात त्याला काय देता? धंद्यातलं गुपित, काही शिक्षण? नुसतं घेतलं तर कागद टिकत नाही." मला हे पटलं. वीतभर कापड आणून घेरदार झगा मागणारी गिऱ्हाइकं मीही पाहिलीत.

आता माझं सांगतो. मुलगी सुनंदा कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे पाहुणे आले, त्यातल्या एकाच्या कोटाची बाही उसवलेली. मी सुई-दोरा काढला. ती म्हणाली, बाबा, लोकांसमोर हे नको. ज्या सुईवर ती इंजिनियर झाली, ती सुई. मी बॅग भरली आणि दारात सांगितलं, या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही.

गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली. फोनवर म्हणाली, बाबा, कुंची तुम्हीच शिवायची, आणि बारशाला घेऊन यायची. कुंची मी शिवली. पण पोस्टानं पाठवायची ठरवून, पाकिटावर इंग्रजीत पत्ता घालून घ्यायला रविवारी संध्याकाळी गजभियांकडे गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पत्ता काही लिहिला नाही.

"मुदत किती घातली होती?"

मी म्हणालो, मुदत नाही.

"बदल्यात तिनं काही दिलं?"

काही नाही.

"मग टेक्सासातही टिकला नसता हा शब्द, मास्तर. आणि कॅलिफोर्नियात तर नोकराला असली बंदी चालतच नाही. तिथं माणूस मोकळा."

मी म्हणालो, नोकरांचा कायदा बापाला लागत नाही. मी हटणारा नव्हे.

ते कुंचीची झालर बोटांनी सरळ करत बसले. मग सांगितलं की नागपूरला त्यांचा मोठा भाऊ आहे, त्यानंच त्यांना शिकवलं. आई गेली तेव्हा हे वेळेत पोचले नाहीत. भाऊ नको ते बोलला. गजभियांनीही ऐकवलं, तुझ्या दारात येणार नाही. त्याला अकरा वर्षं झाली.

"जगाच्या कागदांत मुदत घालतो जी. माझ्याच शब्दात घालायची राहिली."

मी थोडा विचार केला. म्हणालो, "मी सनीव्हेलला जातो. बदल्यात तुम्ही काय देता?"

वकिलांनी खिशातलं पेन काढलं. मी भिंतीवरचा फोन काढून त्यांच्यापुढे धरला. नागपुरात सकाळ झालेली असणार. फोनकार्डावरचे आकडे दाबताना ते दोनदा चुकले. तिसऱ्यांदा लागला.

"दादा," म्हणाले, आणि पुढे पेनाचं टोपण नुसतं काढत-लावत राहिले. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हो, जेवलो," आणि बाहीनं डोळे पुसले.

मी कुंचीची घडी करून माझ्या खिशात ठेवली.