रेघेच्या जाडीतला माणूस

पेन्सिलीला टोक न काढता तुम्ही देश कापलात, हा तुमच्यावरचा पहिला आरोप. नकाशावर रेघ काडीएवढी. जमिनीवर तीच रेघ जैतुनाची आख्खी बाग गिळून बसते. तरी एक मान्य करायला हवं. एकोणपन्नासच्या शस्त्रसंधीमुळे माणसं मरायची थांबली नाहीत, पण कुठे मरावं याला शिस्त आली.

दैर हरूब गावचा मुख्तार, म्हणजे आपल्याकडचा पाटील, अबू मुतलक याच्या थोरल्या भावाला, धिहाबला, ही शिस्त पाळता आली नाही. धिहाब सकाळी जैतून झोडायला गेला आणि छातीला हात लावून झाडाखालीच आडवा झाला. झाड नेमकं रेघेच्या जाडीत. अलीकडे जॉर्डनचे शिपाई, पलीकडे इस्रायलचे. दोघांनीही धिहाबच्या पाठीखालची जमीन आपली असल्याचं लेखी कळवलं. (पाठीवर कुणी हक्क सांगितला नाही.)

प्रेत सूर्य मावळायच्या आत मातीआड व्हावं, ही गावची रीत. कबर खणून तयार होती.

रेघेलगतच्या तंबूत दोन्ही देशांचा संयुक्त आयोग बसला. गोळी कुणी झाडली, असं विचारल्यावर मुख्तारानं जन्माची चूक केली : खरं सांगितलं. कुणी नाही, काळीज बंद पडलं. तिथेच घोडं अडलं. गोळीसाठी रीतसर पद्धत आहे. तक्रार, उलट तक्रार, निषेध, मग प्रेताचा ताबा. काळजासाठी काहीच नाही.

परदेशी निरीक्षक भला माणूस. त्यानं मुख्ताराला बाजूला घेतलं. "गोळी लागली म्हणा. दुपारपर्यंत प्रेत हातात."

"अंगावर भोक कुठून आणू, साहेब?"

"ती सोय दोन्हीकडे आहे," साहेब म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

मुख्तार नाही म्हणाला. मग प्रकरण तारेनं न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांकडे गेलं. तिथे एकमत लवकर झालं. फक्त ठरावातला शब्द राहिला.

धिहाबची बायको हम्दा तंबूच्या दोरीशी उभी होती. "भाऊजी, ऊन शेंड्याला गेलं. काय म्हणतात?"

"'खेद' लिहायचा की 'चिंता', यावर अडलंय, वहिनी."

"बरं. त्यांना म्हणावं शब्द तुम्ही टाका, माती मी टाकते."

तिनं कुदळ उचलली आणि सरळ बागेत चालू लागली. मुख्तार मागे धावला, तोवर गोळी सुटली. हम्दा नवऱ्याशेजारी पडली.

आणि काय सांगावं, कामाला वेग आला. आता पद्धत लागू होत होती. तक्रार आली, उलट तक्रार आली, निषेध झाला, आणि धिहाब दिवस मावळायच्या आत कबरीत गेला. आयोगानं मुख्ताराचे आभार मानले.

आता तुमच्यावरचा दुसरा आरोप. गोळी कोणत्या बाजूनं आली, हे तुम्ही मघाशीच मनात विचारलंत. नाही म्हणू नका. तिकडे तंबूतही सगळ्यांनी तेच विचारलं. ती बाई जगली का, हे कुणी विचारलं?

तुम्ही विचारलंत? उत्तर द्या.