भांड्यांच्या मशीनचं दार

"माझ्या घरात मशीन बिघडतं? त्याची काय बिशाद!" असं म्हणून बापूंच्या बायकोने बाह्या सरसावल्या.

ही बाई नाटकांसाठी रंगमंचावर दिवे लावायची. अख्ख्या नाटकाच्या तारा अंधारात जोडणारी बाई ती, तिला घरातलं भांडी धुण्याचं मशीन म्हणजे किस झाड की पत्ती! बापूंना तिचा भारी अभिमान. पण आज ते सारखे घड्याळाकडे बघत होते. हे मशीन लेकीच्या सासूबाईंनी हौसेने भेट दिलेलं, आणि त्याच विहीणबाई आज पहिल्यांदा जेवायला येणार होत्या. आल्या आल्या विचारणार, "चालतंय ना?" आणि मशीन तर ढिम्म!

"अगं, त्या आल्या म्हणजे?"

"आल्या तर येऊ देत! टॉर्च धरा."

तिने टेबलावरचा दिवा आणून मशीनच्या प्लगच्या जागी लावला. लख्ख पेटला! म्हणजे वीज येत होती, दुखणं मशीनच्याच पोटात होतं. प्लग परत लावून तिने मशीनचं दार अर्धं उघडलं, तर बटणांवरचा दिवा मिचमिचला. बंद केलं, गेला. उघडलं, मिचमिचला!

"सापडली! दारात जाणारी तार बिजागरीपाशी तुटलीय!"

काय ती नजर! बापू बघतच राहिले.

तारेला हात लावण्याआधी अख्ख्या जागेचं मेन स्विच बंद, हा तिचा रंगमंचावरचा नियम. प्लग काढला, मेन पाडलं आणि बाई खालची पट्टी काढून मशीनखाली अर्धी आत शिरली. थोड्या वेळाने बापूंचा फोन वाजला.

"बाबा!" लेक रडकुंडीला आली होती. "सासूबाईंना बाहेर का उभं केलंय? बेल वाजवून वाजवून त्यांचं बोट दुखायला लागलं! म्हणतात, घरात असून दार उघडत नाहीत!"

अरे देवा! मेन बंद, तर बेल कुठली वाजणार? बापू धावले. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पाना. दारात विहीणबाई, तोंड फुगवून.

"चोर समजलात की काय आम्हाला?"

बापूंनी पाना पाठीमागे लपवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "या या, विहीणबाई! बरं झालं आलात. यांचा उजेड भलतीकडेच पडतो, जरा टॉर्च धरा बघू!"

आणि काय आश्चर्य! विहीणबाई पर्स ठेवून खाली बसल्या की! बायकोने तार जोडली, वर रबरी नळी चढवली, दार उघडताना ताण पडू नये म्हणून थोडी सैल सोडली. प्लग खोचला, मेन लावलं, बटण दाबलं, आणि मशीन घुमायला लागलं.

"धन्य आहात हो!" विहीणबाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. "पण नवीन मशीनची तार तुटली कशी?"

"सारखं सारखं दार उघडून! भात शिजला का बघावं तसं कोणीतरी मिनिटामिनिटाला आत डोकावतं!" बायकोने बापूंकडे पाहिलं. बापूंनी छताकडे पाहिलं.

"आत खरंच धुतलं जातंय का, ते कळायला नको?" ते पुटपुटले.

"आता हात लावाल तर खबरदार!"

"नाही लावत गं. पण जेवायला वाढायचं कशात?"

दोघींनी मशीनकडे पाहिलं. घरातली झाडून सगळी ताटं-वाट्या सकाळीच मशीनमध्ये गेल्या होत्या, आणि मशीन आत्ता कुठे सुरू झालं होतं. चांगले दोन तास चालणार!

"एकच ताट काढू का?" बापूंनी आशेने विचारलं.

"खबरदार!" दोघी एका सुरात ओरडल्या.

शेवटी पातेल्यांच्या झाकणांवर पंगत बसली. विहीणबाई पोट धरधरून हसल्या, झाकणभर मागून घेऊन जेवल्या आणि निघताना सुनेला फोन करून म्हणाल्या, "तुझी आई म्हणजे हिरा आहे, हिरा!"

बापूंनाही अगदी तसंच वाटत होतं. पण तेव्हा ते बेसिनपाशी उभे राहून झाकणं हाताने घासत होते. मागे मशीन मजेत घुमत होतं. त्यांनी त्याच्याकडे एकदाच वळून पाहिलं, तेही हात मागे बांधून.