चंद्रविलासची वर्दी

लक्ष्मीकांतराव मंगळवारी ग्वाल्हेरला जाणार होते, म्हणून रविवारी सकाळी त्यांनी आईला आयुष्यातली पहिली धडधडीत थाप मारली. "आई, आम्ही दोघं बेटम्याला जाऊन येतो. हिच्या मावशीकडे पूजा आहे." इंदुमतीनं मान खाली घातली. आजवर मावशी नावाची बाई तिच्या माहेरी झालीच नव्हती.

या थापेच्या मुळाशी मध्यभारत सरकार होतं. संस्थानं विलीन झाली, नवं राज्य झालं आणि राजधानी इंदूर की ग्वाल्हेर यावर जुंपली. शेवटी तोडगा निघाला, की सरकारनं उन्हाळ्यात इंदूरला राहावं आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. सरकारला काय, फायली पेटाऱ्यात भरल्या आणि लक्ष्मीकांतरावांसारखे नोकर बरोबर घेतले की झालं. इंदुमतीच्या वाट्याला मात्र निम्मं वर्ष नवरा नाही आणि निम्मं वर्ष कृष्णपुऱ्याच्या घरात चौदा माणसांच्या गर्दीतला नवरा, अशी वाटणी आली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण दोघांनी समोरासमोर बसून एक कप चहा निवांत प्यायल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्यात लक्ष्मीकांतरावांची पहिली नोकरी होळकर सरकारच्या पाहुणखात्यात. तुकोगंजातल्या चंद्रविलास कोठीत साहेबलोक उतरत आणि त्यांची बडदास्त ठेवण्याचे नियम लक्ष्मीकांतराव आपल्या वळणदार अक्षरात लिहीत. घरी आले की ते इंदुमतीला सगळं सांगत. स्प्रिंगचा पलंग, चिनी मातीचा पांढराशुभ्र टब, बागेवर उघडणारी गॅलरी, आणि सकाळी दारावर हलकेच टकटक करून कोणीतरी म्हणायचं, "चहा, हुजूर." तांदूळ निवडता निवडता ती ऐकायची. एकदा तिनं विचारलं होतं, "चहा कोणी केला, हे बघायलासुद्धा उठावं लागत नाही?"

"नाही."

"अगं बाई!" म्हणून तिनं निवडलेले तांदूळच पुन्हा निवडायला घेतले होते.

आता त्या कोठीचं हॉटेल झालं होतं. मुंबईच्या शेठनं ती घेतली, पडदे बदलले, दिव्यांना रंगीत काचा बसवल्या आणि जुना थाट जसाच्या तसा राहावा म्हणून लक्ष्मीकांतरावांकडून ती नियमांची वही मागून नेली. त्या उपकारापोटी शेठ म्हणाला होता, "एक दिवस मिसेसना घेऊन पाहुणे म्हणून या."

त्या रविवारी दोघं चंद्रविलासला पोहोचले तेव्हा दारात संताजी उभा होता. पाहुणखात्यातला जुना बेअरर, आता पांढऱ्या कोटात. त्यानं लवून मुजरा केला आणि खोली उघडून दिली. इंदुमती पलंगाच्या कडेवर टेकली, खाली गेली, वर आली आणि लहान मुलीसारखी हसली.

"अहो, हा तर उचलतोय मला!"

लक्ष्मीकांतराव सवयीनं फुलदाणी सरळ करत होते.

"बसा ना हो. आज तुम्ही पाहुणे आहात."

ते बसले. इतक्यात दारावर टकटक झाली. इंदुमतीनं पदर सावरला आणि डोळे दाराकडे लावले. पण संताजीच्या हातात ट्रे नव्हता.

"चहा येतोच आहे, हुजूर. वर्दी गेली, हे सांगायला आलो."

"कसली वर्दी?"

"नियम सात. पाहुणे सुखरूप पोहोचल्याची खबर तासाभरात त्यांच्या घरी गेली पाहिजे. आपणच लिहिलाय ना! चपराशी भेजलाय, टांग्यानं. आत्तापर्यंत कृष्णपुऱ्यात पोहोचला पण असेल."

पोहोचला होता. लाल पट्टेवाल्या चपराश्यानं दारात उभं राहून खड्या आवाजात वाचलं, "साहेब आणि बाईसाहेब चंद्रविलासला सुखरूप पोहोचले. काळजी नसावी." शेजारचे नानासाहेब ओट्यावर बसले होते. बेटम्याला म्हणून निघालेली माणसं ट्रंक घेऊन हॉटेलात उतरतात, याचा त्या गल्लीत एकच अर्थ होता आणि तो नानासाहेबांनी सांगून टाकला. "मतलब वेगळे निघाले."

अर्ध्या तासात टांगा चंद्रविलासच्या पोर्चमध्ये उभा राहिला. त्यातून थोरले बंधू दत्तोपंत, भानुमतीवहिनी आणि रडून डोळे लाल झालेल्या आई, द्वारकाबाई, उतरल्या.

"लक्ष्या," दत्तोपंत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चूक असेल तर माझी असेल. पण असं चुपचाप, अन् तेही होटलात? लोक काय म्हणतील, भिया?"

"इंदू, परवा भाजीच्या मिठावरून बोलले, ते मनात ठेवलंस का गं?" द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"नाही हो आई, तसं काही नाही."

"मग कसं आहे?"

लक्ष्मीकांतराव पुन्हा फुलदाणी सरळ करू लागले. बायकोबरोबर दोन कप चहा प्यायला आलोय, हे आईसमोर आणि थोरल्या भावासमोर कबूल करण्यापेक्षा दरोडा घातला म्हणणं सोपं होतं. तेवढ्यात चहाचा ट्रे आला. संताजीनं आधी आलेल्या मंडळींपुढे धरला. नियम नऊ होता, की भेटीला आलेल्यांचं आदरातिथ्य आधी करावं. दत्तोपंतांनी एक कप उचलला, वहिनींनी दुसरा. ट्रे इंदुमतीपर्यंत आला तेव्हा त्यात नुसती साखरदाणी उरली होती.

"मी तर इथलं पाणीसुद्धा घेणार नाही," द्वारकाबाई म्हणाल्या.

"पिऊ नका, आईसाहेब," संताजी अदबीनं म्हणाला. "पण आंघोळीला गरम पाणी काढलंय. गुडघ्यांना आराम पडेल."

द्वारकाबाई नुसतं बघायला म्हणून आत गेल्या. "अगं बाई, केवढं घंगाळ हे!" एवढं ऐकू आलं, मग बराच वेळ पाण्याचा आवाज आणि मग खणखणीत व्यंकटेशस्तोत्र. दत्तोपंत, "स्प्रिंग कशी आहे, फक्त देखतो" म्हणून पलंगावर आडवे झाले आणि घोरू लागले. भानुमतीवहिनी माणूसभर आरशासमोरून हलेनात.

"भावजी, असा आरसा बच्चेलोकांनी पण बघायला पाहिजे. टांगा पाठवू का?"

तो लक्ष्मीकांतरावांनी उत्तर द्यायच्या आत गेला. परत आला तेव्हा त्यातून आणि मागच्या दुसऱ्या टांग्यातून घरातली उरलेली नऊच्या नऊ डोकी उतरली. समेट घडवायला म्हणून नानासाहेबही आले आणि कटलेटची बशी घेऊन गॅलरीतल्या खुर्चीत बसले. मुलांनी घराला कुलूप घालून आणलेली किल्ली वहिनींकडे दिली. वहिनींच्या दोन्ही हातांना हॉटेलची पावडर लागलेली, म्हणून त्यांनी ती इंदुमतीच्या हातात ठेवली.

इंदुमती भिंतीला टेकून उभी होती. बसायला जागाच उरली नव्हती. लक्ष्मीकांतराव तिच्याजवळ सरकले.

"चुकलंच माझं. नियम जरा कमी लिहायला हवे होते."

"मला फक्त एक दिवस हवा होता हो." तिनं किल्ली मुठीत आवळली. "परवा तुम्ही जाल. मग सहा महिने मी कुणाशी बोलू?"

तिनं डोळे पुसले आणि मूठ उघडली. किल्लीकडे बघता बघता तिचा चेहरा बदलत गेला.

"अहो... घरी आत्ता कोणीच नाही."

जिन्यात संताजी भेटला. "हुजूर निघाले? मग पोहोचल्याची वर्दी इथे..."

"संताजी, नियम सात आजपासून रद्द."

घर इतकं शांत होतं, की माजघरातल्या घड्याळाची टिकटिक ओटीवर ऐकू येत होती. इंदुमती सवयीनं चुलीकडे वळली. लक्ष्मीकांतरावांनी तिला अडवलं. "बाईसाहेबांनी खोलीत बसावं."

स्वयंपाकघरातून भांडी पडल्याचे आवाज आले, धुराचा लोट आला, दूध उतू गेल्याचा वास आला. ती उठली नाही. चहा कोण करतंय, हे बघायलासुद्धा जायचं नाही, म्हणून तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. बऱ्याच वेळानं सताड उघड्या दारावर हलकेच टकटक झाली.

"चहा, हुजूर."

पितळेच्या परातीत दोन कप होते. चहात साखर नव्हती आणि धुराची चव भरपूर होती. ती तो शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायली आणि ते समोर बसून बघत राहिले.

"मंगळवारी जाऊ नका, असं म्हणता येत नाही ना?"

"नाही."

"मग आणखी एक कप आणा."

ते उठले तशी ती हसली. "अन् अहो, तिकडे वर्दी पाठवायची का? आम्ही घरी सुखरूप पोहोचलो म्हणून?"

लक्ष्मीकांतरावांनी परात खाली ठेवली आणि आधी जाऊन बाहेरच्या दाराला आतून कडी घातली.