अकरा नंबरचा निरोप

पाईपलाईनीतून पाणी यायच्या आधी बनुबाईंच्या अंगणात सूर्यभानाची शिंक आली.

प्रवरेच्या काठापासून घरामागच्या मळ्यापर्यंत सिमेंटची नळी पुरून चार महिने झाले होते. मोटार आणून ठेवली होती, पण लाईटीचे खांब अजून नदीपर्यंत चालत आले नव्हते. म्हणून नळी कोरडी ठाक. त्या दिवशी थोरला लेक सूर्यभान नदीकडच्या तोंडात डोकं घालून पालापाचोळा काढत होता आणि बनुबाई अंगणातल्या नळीच्या हौदापाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. शिंक अशी आली, जणू लेक मांडीवरच बसलाय.

"सूर्या! नाक पूस आधी!" बनुबाई नळीत ओरडल्या.

तिकडे सूर्यभानाचं डोकं दचकून सिमेंटवर आपटलं. तोही आवाज इकडे लख्ख आला.

दुसरी एखादी बाई असती तर लिंबू उतरवून मोकळी झाली असती. बनुबाई अर्ध्या दुसरीतून शाळा सोडून आलेल्या. पण अक्कल कुणाकडून उसनी आणायची पाळी त्यांच्यावर आली नव्हती, असं त्या स्वतःच सांगायच्या. त्याच दिवशी त्यांनी कायदा केला. नदीपर्यंत निरोप घेऊन कुणी पळायचं नाही. आधी नळीवर तांब्यानं दोन ठोके द्यायचे, मग बोलायचं. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. बोलणाऱ्या बहुतेक वेळा बनुबाई असायच्या, त्यामुळे कायदा फार काटेकोर पाळला गेला.

खोट एकच होती. मध्ये एसटीच्या रस्त्यालगत धाकट्या जावेचं, झुंबरबाईचं घर होतं आणि तिच्या दारातही नळीला एक तोंड ठेवलेलं होतं. जावा वेगळ्या निघून वीस वर्षं झाली होती, पण नळीनं दोघींना पुन्हा एका घरात आणून बसवलं. इकडे बनुबाईंनी "हरभऱ्यात अळी पडली" म्हणावं आणि उन्हं कलायच्या आत गावच्या पारावर त्या अळीची लांबी-रुंदी ठरलेली असावी!

बनुबाईंनी त्यावरही तोड काढली. निरोपांना नंबर दिले. एक म्हणजे भाकरी झाली, ये. दोन म्हणजे जनावर सुटलं. तीन म्हणजे तोलामोलाचा पाहुणा आलाय, फेटा बांधून तयार राहा. चार म्हणजे पाहुणा चहावर कटवायचाय, तू तिकडंच थांब. पाच म्हणजे पाहुणा बढाईखोर. सहा म्हणजे खादाड, दुसरं पातेलं चढवावं लागणार. सात म्हणजे बाई तोंडाळ. असे दहापर्यंत. सूर्यभानानं ते पाढ्यांसारखे पाठ केले. ज्या निरोपाला आधी पाव घटका लागायची, तो आता एका शब्दात नदीला पोचू लागला.

"तुमची तार अकोल्याला जाऊन पोचस्तवर आमची भाकरी खाऊन हुती," असं बनुबाईंनी पोस्टमनलाही ऐकवलं.

आणि मग बनुबाईंच्या लेकीला, विजयमालेला बघायला पाहुणे आले.

हे स्थळ बनुबाईंच्या फार मनात होतं, कारण ते विजयमालेच्या मनात होतं. मुलगा साखर कारखान्यात शेतकी खात्यात होता. पोरीनं त्याला मामेबहिणीच्या लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं आणि त्यानंतर आलेल्या चार स्थळांत कुणाचे दात, कुणाचे कान अशी खोट काढली. तोंडानं ती काही बोलली नाही. पण या स्थळाचं नाव निघाल्यापासून घरात रोज करपलेली भाकरी मिळत होती. बनुबाई ती मुकाट खात होत्या. मुकाट!

दुपारी मुलाचे वडील, काकासाहेब, एकटेच दारात उभे राहिले. "आमच्या मंडळी मागनं येत्यात. एसटीनं अंग आंबलंय, हातपाय धुते म्हनल्या."

बनुबाईंनी त्यांना अंगणात बाजेवर बसवलं, शिरा पुढं ठेवला आणि नळीवर तांब्या ठोकला. "सूर्या, तीन!"

काकासाहेब खायला बसले आणि बोलायलाही बसले. "आमच्या हिरीला असं पानी हाय बाई, वरीसभर उपसा, वीतभर हालायचं न्हाई. आन आमचा बैल! परवा कारखान्याचा टॅक्टर रुतला, तर बैलानं वडून काढला. नुसत्या शेपटीनं म्हना ना!"

"सूर्या, पाच," बनुबाई नळीत म्हणाल्या.

शिऱ्याची तिसरी ताटली रिकामी झाली. "सूर्या, सहा."

"एक सांगून ठिवतो," काकासाहेब मिशी पुसत म्हणाले, "आमच्या मंडळी मनानं लोनी. पर तोंडाचं तेवढं सांभाळून घ्या. शब्दाला शब्द आला, की आमीच गोठ्यात जाऊन बसतो."

"सूर्या, सात! चांगला पक्का सात!"

आता मात्र काकासाहेबांचं कुतूहल जागं झालं. "बाई, हे काय लावलंय वं?"

बनुबाईंनी नळीची करामत सांगितली. नंबरांचा अर्थ सांगायची वेळ आली तेव्हा त्या क्षणभरही अडखळल्या नाहीत. "पाच म्हंजी पाहुना मोठ्या घराण्यातला. सहा म्हंजी दिलदार. आन सात म्हंजी बाई साक्षात लक्षुमी."

काकासाहेबांचे डोळे भरून आले. आजवर त्यांना एवढ्या थोडक्यात कुणी ओळखलं नव्हतं. ते उठले आणि बनुबाई "अवं, ऱ्हाऊ द्या" म्हणेपर्यंत फेट्यासकट हौदावर ओणवे झाले.

"हॅलो! मी काकासाहेब बोलतोय! मी पाच हाय! माझा बाप पाच हुता! माझा आजा तर त्याहून पाच! आन सहा म्हनाल, तर पंचक्रोशीत माझ्यावानी सहा घावायचा न्हाई!"

नदीकडून सूर्यभानाला जोराचा ठसका लागल्याचं ऐकू आलं.

"आन आमच्या मंडळी! आख्ख्या नगर जिल्ह्यात त्यांच्यावानी सात न्हाई! म्या लगनातच वळीखलं हुतं! आंतरपाट खाली येतोय न येतोय तवर म्हनलं, ही सात!"

 मग नळीतून एका बाईचा आवाज आला, आणि तो झुंबरबाईचा नव्हता.

"आवं!"

काकासाहेब ताठ झाले. "मंडळी? तुमी नळीत कशा?"

"मी झुंबरच्या दारात हाय. पाच म्हंजी बढाईखोर, सहा म्हंजी खादाड, आन सात म्हंजी तोंडाळ बाई! काय वळीखलं हुतं तुमी लगनात? आं?"

बनुबाईंच्या हातातला तांब्या गळून पडला. "झुंबरे!"

"अक्का, मालन माझी मावसभन," झुंबरबाईचा आवाज लोण्यासारखा आला. "म्हनलं, पाय धुईस्तवर नळीची मजा दावावी. आन नंबरांचं म्हनाल, तर चार म्हनलं की पाहुना चहावर परत जातो, सहा म्हनलं की तुमच्या चुलीचा धूर वाढतो. म्हैनाभर बघतेय. त्यात काय मोठी इद्या लागती?"

काकासाहेबांनी रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. "सहाचं तेवढं खरं हाय," ते हळूच म्हणाले. नळीत मात्र नाही.

"आवं, पिशवी घेऊन रस्त्याला या," मालनबाईंचा हुकूम आला. "पाचची एसटी हाय. असल्या घरची सोयरीक नगं आपल्याला."

विजयमाला दाराची चौकट धरून उभी होती.  नुसतं आईकडे बघून आत गेली. बनुबाईंना वाटलं, त्यापेक्षा हिनं उद्यापासून जन्मभर भाकरी करपवाव्यात.

त्या हौदाशी बसल्या. दोन ठोके दिले.  एक ते दहा सगळे नंबर मनात फिरवून पाहिले. भाकरी होती, जनावर होतं, लोकांच्या साऱ्या खोडी होत्या. आपली चूक झाली, याला नंबर दिलेलाच नव्हता. छप्पन्न वर्षांत कधी तशी गरजच पडली नव्हती.

"अकरा," बनुबाई म्हणाल्या.



"आये, अकरा म्हंजी काय?" नदीकडून सूर्यभान घाबरून विचारू लागला. "फेटा बांधू का सोडू?"

"अकरा म्याबी कधी ऐकला न्हाई," झुंबरबाई म्हणाली.

"अर्थ सांगा," मालनबाई म्हणाल्या. "मंग बघू."

बनुबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला, जणू नळीतून सगळं गाव बघत होतं. मग तोंड आत घालून म्हणाल्या, "अकरा म्हंजी... माजं चुकलं."

नळीनं आजवर कुणाचीही शिंक पोचवायची सोडली नव्हती. पण मालनबाईंनी काही म्हणायच्या आत झुंबरबाई बोलली, "अक्का, तेवढंच न्हाई ऐकाया आलं बगा. परत म्हना की."

"आये, हितंबी न्हाई आलं," सूर्यभान म्हणाला. त्याच्या आवाजात हसू फुटत होतं.

"चुकलं म्हनते! माजं चुकलं!" बनुबाई गरजल्या. "न्हाई आलं आयकाया तर दोघं हितं या, कानात वतते!"

आता मालनबाई हसल्या. आधी दाबून, मग मोकळ्या. नळीभर नुसतं हसू झालं. कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय याचा कायदाच उरला नाही.

"बनुबाई," दम खाऊन मालनबाई म्हणाल्या, "पंचवीस वर्सं झाली, ह्यो मानूस भांडान झालं की गोठ्यात जातो. बोलाया समोर कुनी न्हाई. इहीन तरी तोंडाची मिळाली. येते मी. पर शिरा उरलाय का, का ह्यांनी...?"

काकासाहेबांनी ताटली अलगद बाजेखाली सरकवली.

"लई हाय, या तुमी!" बनुबाई नळीत म्हणाल्या आणि मान वळवून आत ओरडल्या, "विजे, रवा काढ!"

 चुलीकडून तुपात भाजल्या जाणाऱ्या रव्याचा वास आला, आणि तो पुरा तांबूस झालेल्या रव्याचा होता. पोरीनं कढई चढवली होती ती आईनं 'अकरा' म्हटलं तेव्हाच.