आठल्ये बाईंची एकमेव शिफारस

डॉ. आठल्ये खोलीत शिरल्या की आधी एसी बंद करतात. नमस्कार मग. रिमोट सापडला नाही तर सरळ भिंतीवरचं बटण दाबतात, खिडक्या सताड उघडतात, पदर खोचतात आणि म्हणतात, "हं. आता उष्णतेबद्दल बोलू या."

ऐकायला हे बरं वाटतं. सिंहगड रस्त्यावरच्या एका तिसऱ्या मजल्यावर, एप्रिलच्या भर दुपारी, पूर्ण बाह्यांचे शर्ट घातलेल्या विद्वानांच्या शेजारी बसून अनुभवायला तितकंसं बरं वाटत नाही. मी ते भरपूर अनुभवलं आहे, कारण मी त्या समितीचा समन्वयक होतो. समन्वयक हा शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात खुर्च्या मांडायच्या, चहा सांगायचा आणि भांडणं झाली की इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहायचं, एवढंच काम.

समिती कसली ते सांगतो. पुण्याच्या भोवतालच्या गावांनी आणि वस्त्यांनी मिळून एक परिषद केली आहे. हवामान बदलतंय, पावसाचा भरवसा राहिला नाही, उन्हाळा आवरत नाही, तर आपण तयारी काय करायची, असा प्रश्न या परिषदेला पडला. प्रश्न पडला की आपल्याकडे तज्ज्ञांची समिती नेमतात. अध्यक्ष सबनीस साहेब, पाण्यातले तज्ज्ञ. त्यांना काहीही विचारा, उत्तर बंधाऱ्यापाशी येऊन थांबायचं. नकाशे आणि ॲप यांच्यासाठी तेजस नावाचा आयटीतला हुशार गृहस्थ. आणि उष्णतेसाठी आठल्ये बाई. आणखी काही जण होते, पण ते मुख्यतः सहमत असायचे.

बाई सत्तरीला टेकलेल्या. उभा जन्म त्यांनी ऊन या एकाच गोष्टीच्या अभ्यासात घालवला. पर्समध्ये कायम तापमापक, आणि तो कुठेही बाहेर निघायचा. रिक्षात बसल्या की सीटचं तापमान. बसथांब्यावर उभ्या राहिल्या की तिथल्या लोखंडी बाकाचं. कँटीनवाला बिचारा "गरम चहा घ्या मॅडम" म्हणाला, तर त्याला विचारलं, "कपात गरम की किटलीत?" एकदा सबनीस साहेबांच्या नव्या गाडीच्या टपावर त्यांनी तो तापमापक टेकवला आणि आकडा बघून म्हणाल्या, "साहेब, घावन होईल यावर. पीठ आहे का?" तेव्हापासून साहेब गाडी मागच्या गल्लीत लावू लागले.

पेपरात शहराचं तापमान छापून आलं की बाईंची सकाळ बिघडायची. "आकडा बरोबर आहे हो. सावलीत, पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवून मोजलेला आहे, शास्त्रशुद्ध आहे. पण मला सांगा, त्या पेटीत राहतं कोण?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. तेजसने एकदा फार मेहनतीने केलेला सरासरी तापमानाचा आलेख पडद्यावर दाखवला. लाल, केशरी, पिवळा, सगळे रंग होते. बाईंनी कौतुकाने मान डोलावली. "छान रंग आहेत. या सरासरीत राहतं कोण?" तेजस त्यानंतर बराच वेळ लॅपटॉपच्या मागेच होता.

आमच्या समितीच्या कारकिर्दीतलं सोन्याचं पान म्हणजे उष्णतेची पाहणी. पत्र्याच्या घरांत उन्हाळ्यात माणसं कशी राहतात, ते प्रत्यक्ष जाऊन बघायचं ठरलं. कधी जायचं यावर सविस्तर चर्चा झाली. सबनीस साहेब म्हणाले, "या उन्हात फिरणं आपल्याला या वयात झेपायचं नाही. जरा गारवा पडू दे." मग पाऊस लागला, मग गणपती आले, मग दिवाळी. अखेर डिसेंबरात एका प्रसन्न सकाळी आम्ही सगळे स्वेटर घालून उष्णतेची पाहणी करायला मांजरीला निघालो. बाईही आल्या. कानटोपी घालून आल्या, आणि ती थंडीसाठी नव्हे, आमचं बोलणं कानावर पडू नये म्हणून घातलेली आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

उसाच्या रानाला लागून पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. दारात ऊन खात बसलेल्या एका आजींनी आम्हाला मोठ्या अगत्याने आत बोलावलं. "या की, भाईर लई गारठा हाय. आत बगा कसं ऊबदार हाय." तेजसने तिथल्या तिथे टॅबवर नोंद केली: घर ऊबदार, रहिवासी समाधानी. आजींनी गुळाचा चहा पाजला, साहेबांनी जवळपास बंधाऱ्याला जागा आहे का याची चौकशी केली आणि आम्ही हुरडा खाऊन परत आलो.

महिन्याभराने अहवालाचा मसुदा आला. त्यात वाक्य होतं, 'पत्र्याची घरे: सुसह्य.' बाईंनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "देवधर, जरा पंखा लावा." बाईंनी स्वतः होऊन पंखा मागितला, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे माझ्या लक्षात आलं.

त्यांनी सही केली नाही. बाईंच्या सहीशिवाय अहवाल पुढे जाईना, म्हणून साहेब धुसफुसत राहिले. मे उजाडला तशा बाई एकट्याच मांजरीला जायला लागल्या. भर दुपारी जायच्या आणि त्याच ओळीत, घराघरांतून, नुसत्या बसून राहायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पेटीत कोण राहतं ते बघतेय." चेहरा रापून काळवंडला. आता जाडजूड टिपण येणार, असं म्हणून मी झेरॉक्सच्या कागदाचे जादा गठ्ठे मागवून ठेवले.

जूनमध्ये शेवटची बैठक होती. त्यात जे मंजूर होईल ते अहवालात जाणार, आणि अहवालात नाही त्याला परिषद विचारणार नाही. बाई आल्या, एसी बंद केला आणि उभ्या राहूनच म्हणाल्या, "माझी एकच शिफारस आहे. कडक उन्हाच्या दिवशी, घरात एकट्या असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं दार दुपारी कुणीतरी वाजवावं. ते माणूस उठून दार उघडेपर्यंत तिथून हलू नये."

सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य नव्हतं.

"दार वाजवायचं?" सबनीस साहेब म्हणाले.

"हो. दुपारी त्या ओळीत फक्त म्हातारी माणसं असतात. मुलगा कंपनीत, सून कामावर. आणि या वयात शरीर सांगत नाही हो, तापलंय म्हणून. तहान लागत नाही, घाम येत नाही. माणूस पडून राहतं. बघणाऱ्याला वाटतं झोपलंय. ते झोपलेलं नाही हे कळायला दुसरं माणूस लागतं."

तेजस उत्साहाने पुढे सरकला. "मॅडम, आपण ॲप करू या ना. सिनियर सिटिझनला बरं वाटत नसेल तर त्यांनी फक्त एक बटण प्रेस करायचं. अलर्ट येईल."

"बेशुद्ध पडल्यावर ते कुठल्या हाताने दाबायचं?"

तेजस परत लॅपटॉपमागे गेला. साहेबांनी मात्र किल्ला सोडला नाही. "मॅडम, आपला पूर्ण आदर राखून सांगतो. आपण तज्ज्ञांची समिती आहोत. शिफारस म्हणजे काहीतरी दिसायला हवं. उद्या मंत्र्यांना काय दाखवायचं, वाजवलेलं दार? आणि तेसुद्धा दुपारी? उद्या पुण्यातही हेच करा म्हणाल. एक ते चार कुणाची बेल वाजवली तर लोक शिफारशीसकट खाली ढकलतील." सगळे हसले. मीही हसलो. साहेबांना त्यामुळे जोर आला. "शिवाय फोन आहेत, नातेवाईक आहेत, शेजारी आहेत. अहो, आजच्या काळात असं कोण आहे, ज्याची दिवसभरात कुणी चौकशीच करत नाही? एक नाव सांगा."

"मी," बाई म्हणाल्या.

बाई खुर्चीत बसल्या. आकडे सांगताना जो आवाज असायचा त्याच आवाजात त्यांनी सांगितलं.

"धायरीला राहते, सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट गच्ची. मागच्या महिन्यात मांजरीहून आले आणि स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले. लक्षणं मला पाठ आहेत, आयुष्यभर शिकवली. पडल्या पडल्या एकेक ओळखत होते. आता हे झालं, आता यानंतर ते होणार. पण उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत. शेजारी भले आहेत. दार बंद दिसलं की बाई अभ्यास करत असतील, त्रास नको, म्हणून कुणी येत नाही. ते वळण मीच लावलंय त्यांना. संध्याकाळी फरशी थोडी निवली, तेव्हा सरपटत माठापर्यंत गेले." जरा थांबून त्या साहेबांना म्हणाल्या, "तिथे पडले होते ना, तेव्हा मला काय हवं होतं सांगू? झाडं नको होती, गच्चीला पांढरा रंग नको होता, बंधारा तर नकोच होता. कुणीतरी बेल वाजवावी, एवढंच वाटत होतं. चुकून वाजवली असती तरी चाललं असतं."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. घाम पुसला असं आम्हाला दिसेल अशा बेताने पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "देवधर, लिहून घ्या. पहिल्या क्रमांकावर लिहा. बंधारे नंतर."

पुढच्या उन्हाळ्यात परिषदेने काही वस्त्यांत हे काम सुरू केलं. गावातल्याच बायका ठरलेली दारं वाजवू लागल्या. धायरीच्या यादीत मी गुपचूप बाईंचं नाव घातलं. त्यांना कुठून कळलं कोण जाणे, लगेच फोन आला. "देवधर, माझं नाव काढा. मी तज्ज्ञ आहे, लाभार्थी नाही." मी नाव काढलं. त्यांच्याशी वाद घालून अजून कुणी जिंकल्याचं मला माहीत नाही.

पण मी राहतो वडगावला, तिथून धायरी जवळ. समितीचं काम संपलेलं, दुपारी मला वेळ असतो. एप्रिलात एका दुपारी गेलो आणि बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. मी परत बेल वाजवली, मग दारावर थापाही मारल्या. मग कडी निघाली.

"अहो, वेड लागलंय का? या उन्हात दुचाकीवर? डोक्याला साधा रुमाल नाही. तज्ज्ञ समितीत होतात ना तुम्ही?" दारातच यथेच्छ बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या मागे जिन्यात वाकून बघितलं. "परिषदेने पाठवलंय?"

"नाही. सहज आलो."

"सहज कुणी या वेळी येत नाही," त्या म्हणाल्या, पण दारातून बाजूला झाल्या.

घर भट्टीसारखं तापलेलं. त्यांनी कोकम सरबत दिलं. मग माझी चौकशी सुरू झाली. आई कुठे असते, कितव्या मजल्यावर, दुपारी तिच्याजवळ कोण असतं, मुलगी काय शिकते. मी दोनदा उठलो, दोन्ही वेळा त्यांना काहीतरी नवं विचारायचं होतं. इतक्या वर्षांत या बाईंशी उन्हाशिवाय मी काहीच बोललो नव्हतो, याचं मला फार वाईट वाटलं. निघताना त्या कडक आवाजात म्हणाल्या, "उद्या येऊ नका हं. उगाच उन्हातान्हात."

"बरं," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. जिना चढून वर पोचलो तर दार उघडंच होतं. आतल्या टेबलावर दोन ग्लास ताटलीने झाकून ठेवलेले. बाई इस्त्रीची साडी नेसून उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला बघून घाईघाईने उठल्या.

"किती उशीर केलात, देवधर," त्या म्हणाल्या.