अर्धी गोळी, अख्खी दाढ

बाई मी साधी आहे, पण व्रताच्या बाबतीत पोलाद! रोज तीन व्रतं पाळते. सकाळी दहा वाजेपर्यंत मौन. दिवसभरात आवाज चढवायचा नाही. आणि तोंडात काहीही घालण्याआधी त्यातलं अर्धं जवळ असेल त्याला द्यायचं. एकोणीस वर्षं झाली, एका दिवसाचा खंड नाही! आमच्या घरात अख्खं बिस्कीट कुणी पाहिलेलं नाही.

अशा बाईला दाढेनं गाठलं.

खालची, डावीकडची, अगदी शेवटची. दोन वर्षं ठणकत होती, मी नुसत्या लवंगेवर भागवत होते. ती काढायची म्हटलं की मी दुसरंच काम काढायची. दुखण्याचं एवढं नाही हो, दोन बाळंतपणं निभावली आहेत. भीती वेगळीच होती. खुर्चीत बसले आणि तोंडातून किंकाळी निघाली तर? एका दाढेपायी एकोणीस वर्षांचं व्रत मातीत! दोनदा दवाखान्यात गेले आणि दोनदा पळून आले. दुसऱ्या वेळी तर गळ्यात बांधलेल्या कागदी रुमालासकट. वाटेत भाजीवाल्यानं विचारलं, "ताई, जेवायला निघालात का कुठे?"

खालच्या मजल्यावर नणंद राहते. तिचा आवाज असा, की तिला फोनची गरजच नाही. ती जिन्यातून ओरडली, "वहिनी, तू तिसऱ्यांदाही पळणार बघ! मी टाळ्या वाजवायला दारातच उभी राहते!"

शेवटी दंतवैद्य बाईंनी मला समोर बसवून घेतलं. "हे बघा काकू, पू जबड्यात उतरायला लागलाय. आता टाळाटाळ केलीत तर मोठं ऑपरेशन. भीती वाटते ना? त्यावर उपाय आहेत. पहिला, नाकावाटे गॅस. हलकं हलकं वाटतं, हसू येतं. कुणी कुणी गाणीसुद्धा म्हणतात."

"मोठ्यानं?"

"कधी कधी."

"नको."

"बरं. दुसरा, हाताच्या शिरेतून औषध. गुंगी येते, नंतर फारसं काही आठवत नाही."

"म्हणजे मी ओरडले तरी मला कळणार नाही?"

"नाही कळणार."

"मग तर नकोच! देवाला कळेल ना!"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले. "मग गोळी. दहाला इथे यायचं, नऊला घरी घ्यायची. जाग्याच राहाल, पण मन शांत. आणि सोबत मोठं माणूस हवं. पूर्ण शुद्धीवरचं!"

"हे येतील ना," मी अभिमानानं म्हटलं. "ह्यांच्याइतकं शुद्धीवरचं माणूस शोधून सापडायचं नाही!"

ठरल्या दिवशी नऊच्या ठोक्याला गोळी तळहातावर घेतली. मसुरीच्या दाण्याएवढी. तोंडाशी नेली, आणि हात थबकला. अर्ध्याचं व्रत! एकोणीस वर्षांत मला कधी गोळी घ्यावी लागली नव्हती, त्यामुळे हा प्रश्न उभाच राहिला नव्हता. औषधाला सूट आहे, असं काही व्रत घेताना मी म्हटलं नव्हतं. आता ऐनवेळी सूट घ्यायची? ती सुद्धा दाढेसमोर? छे! मी मनाशी हिशेब मांडला. अर्धी भीती गोळी घालवेल, उरलेली अर्धी जपानं जाईल.

सुरीनं गोळीचे दोन तुकडे केले. समोर हे पेपर वाचत बसले होते. मौन असल्यामुळे समजावून सांगायची सोय नव्हती, म्हणून नुसता हात पुढे केला. ह्यांच्या तळहातावर रोज काहीतरी अर्धं येतंच. ह्यांनी मान वर न करता तुकडा तोंडात टाकला, वर पाण्याचा घोट घेतला आणि पान उलटलं.

आता हे म्हणजे कसे? चमचाभर खोकल्याचं औषध घेतलं की दुसऱ्या दिवसापर्यंत पायातलेच मोजे शोधणारे गृहस्थ! टॅक्सीत बसल्यावर दहा मिनिटांत म्हणाले, "किती गुणी आहेत नाही गं हे विजेचे खांब? सगळे उभेच आहेत बिचारे. कुणी बसा म्हणत नाही." आणि माझ्या खांद्यावर मान टाकली.

माझा अर्धा तुकडा? तो भीतीनं कधीच गिळंकृत केला होता. मी टक्क जागी!

पावणेदहाला ह्यांना काखेत धरून दवाखान्यात शिरले. काउंटरवर नवीन बाई होती. तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. "दहाची दाढ ना?"

"दहाची," हे प्रसन्नपणे म्हणाले.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"भीती वाटतेय?"

"फार!" बिचाऱ्यांना माझ्यासाठी वाटत होती.

"चला मग काका, आत."

मी दोन्ही हात हलवले. स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं. मानेनं नाही नाही केलं.

"हो हो काकू, दाढच काढायचीय. तुम्ही नका घाबरू. सोबतच्यांनी तिकडे बसायचं."

मी काउंटरवरचं पेन ओढलं आणि तिच्या वहीत ठळक लिहिलं, 'दाढ माझी आहे.'

तिनं वाचलं आणि माझा हात थोपटला. "काढली की तुम्हालाच देऊ हं, पिशवीत घालून."

मी तिला ओलांडून आत धावले. खुर्चीत हे आडवे, गळ्यात कागदी रुमाल, तोंडाचा आ. एक तरुण मदतनीस डॉक्टर आरशानं आत बघत पुटपुटत होता, "फाईलमध्ये केवढी मोठी कीड लिहिलीय. ही तर ठणठणीत दिसतेय. असो, मुळाशी असेल." आणि त्यानं इंजेक्शन उचललं.

भिंतीवरच्या घड्याळात दहाला चार मिनिटं कमी. चारच मिनिटं! मी काट्याला हात जोडले. काटा ढिम्म.

तेवढ्यात हे डोळे न उघडता म्हणाले, "हळू हं डॉक्टर. ती फार घाबरते."

पुढचं मी केलं असं म्हणवत नाही. ते झालं.

"थांबाऽऽ! दाढ माझी आहेऽऽऽ!"

मदतनिसाच्या हातचा ट्रे खाली. बाहेर मघापासून रडणारं एक पोर गप्प. खालच्या दुकानातला माणूस कात्री घेऊन वर धावत आला. एका श्वासात दोन व्रतं गेली! हे मात्र घोरायला लागले होते.

डॉक्टरबाई पळत आल्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी आधी ह्यांची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, शेजारच्या कोचावर निजवून नर्सला जवळ बसवलं. मग माझ्याकडे वळल्या. "काकू, ती काय वाटून खायची वस्तू आहे? तुमच्या नावची गोळी ह्यांना? ह्यांना सोसली नसती तर?"

माझी मान खाली.

"आता पुढची तारीख घ्यायची की पळायचं?"

मी कोचाकडे पाहिलं. वर छताकडे पाहिलं. ज्या किंकाळीला दोन वर्षं घाबरले ती निघून गेली होती, आणि छत होतं तिथेच होतं. "काढा," मी म्हटलं. "आता घाबरायला उरलंय काय?"

नुसत्या बधिर करायच्या इंजेक्शनवर बारा मिनिटांत दाढ बाहेर! शपथेवर सांगते, तोंडातून हूं की चूं नाही.

घरी न्यायला शुद्धीवरचं माणूस हवं म्हणून नणंदेला बोलावलं. तिनं आम्हा दोघांची जबाबदारी घेतल्याची सही केली. "वहिनी, खालचा दुकानदार काय सांगतोय! तू ओरडलीस? तू? आणि मी घरी होते!" टॅक्सीत अख्खा वेळ तिला हेच दुःख.

संध्याकाळी हे उठले, गाल चाचपला आणि समाधानानं म्हणाले, "झालं? मला तर काहीच कळलं नाही! उगाच घाबरतात लोक."

तोंडात कापूस असल्यामुळे मला बोलता आलं नाही. नंतर बोलवेना. माणूस इतका खूश होता! अर्धं द्यायचं व्रत तेवढं शाबूत होतं, म्हणून मनात म्हटलं, शौर्यातलंही अर्धं ह्यांना असू दे.

पण ह्यांनी अख्खंच घेतलं हो! काल सकाळी शेजारी आले, तर पिशवीतली दाढ त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवत म्हणाले, "मी हूं का चूं केलं नाही. पण सोबत हिला नेलं ही चूक झाली. बहीण सांगत होती, ही केवढ्यानं किंचाळली म्हणे!"

मी तोंड उघडलं. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

मिटलं.